एकाला चाळीस

लग्नात अक्षता कोणावर टाकायच्या, हे काही कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्या सोपानतात्यांना शिकवावं लागतं, आणि शिकवूनही उपयोग होत नाही. मंगलाष्टकं सुरू झाली की सगळा मांडव नवरा-नवरीकडे तोंड करून उभा राहतो आणि तात्या मूठभर अक्षता घेऊन मांडवाच्या उलट्या टोकाला चालू लागतात. तिथं डीजेचे कपाटाएवढे काळे डबे रचलेले असतात. शेवटच्या 'सावधान'ला तिथल्या पोराचं बोट बटणावर पडतं, धडाम करून आवाज सुटतो, आणि तात्या हातातल्या सगळ्या अक्षता सर्वांत खालच्या डब्यावर ओततात. रंगवलेले तांदूळ डब्यावर टणाटण उड्या मारायला लागतात.

"बघ," तात्या त्या पोराच्या कानाशी ओरडतात. "कोरडं तांदूळ नाचत्यात! म्होरं बसलेल्या म्हातारीच्या काळजाचं काय व्हत आसंल? हा आवाज न्हाई, मारहाण हाय. हा सरळ अन्याव हाय!"

पोराला त्यातलं अक्षरही ऐकू येत नाही. काका आशीर्वाद द्यायला आलेत असं समजून तो वाकून त्यांच्या पाया पडतो. तात्या त्याच्या डोक्यावर हात ठेवतात आणि दुप्पट चिडून परत येतात.

हे मी अनेक लग्नांत पाहिलंय, कारण निरगुडसरला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत आणि लग्नाला आम्ही एकाच गाडीतून जातो. मी शाळेत शिकवते. गावात मला लोक 'बाई' म्हणतात आणि बऱ्यापैकी मान देतात. तो सगळा मान तात्या एका लग्नात घालवतात. "ते तांदूळ ओतणारे तुमचे कोण?" असं वरपक्षाच्या बायका विचारतात तेव्हा मी ताटातल्या मठ्ठ्याकडे बघते. शेजारी म्हणावं तर खोटं नाही, पण नुसतं शेजारी म्हणून भागतही नाही.

तात्यांना राग येत नाही अशी वस्तू मला अजून सापडलेली नाही. एसटीच्या खिडकीची काच अर्ध्यावर अडकते, हा अन्याव. बिस्किटाच्या पुड्यावरची लाल पट्टी ओढली की पुडा फाटत नाही, पट्टीच हातात येते, हा अन्याव. शर्टाच्या खिशात ते विजेचं मीटर घेऊन फिरतात. ज्याच्या घरी जातील त्याच्या भिंतीतल्या भोकात सळ्या खुपसतात आणि आकडा मोठ्यानं वाचतात. "एकशे ऐंशी! आन ठरलंय दोनशे तीस. वरचं पन्नास कुणी खाल्लं?" घरवाल्याची पोहे घेऊन आलेली सून तशीच उभी राहते. तिला वाटतं, तिलाच विचारतायत.

गावात त्यांची पिठाची गिरणी होती. शेजारच्या खोलीत मिरची कांडपाचं मशीन. तरुणपणापासून म्हातारे होईपर्यंत ते त्या दोन मशिनींच्या मधे उभे राहिले. निरगुडसरच्या तीन पिढ्यांच्या भाकरी त्यांच्या हातून गेल्या. मुलगा राजू शिकून पुण्याला नोकरीला लागला आणि गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यांनी मशिनी विकल्या. गिरणीची खोली रिकामी झाली. त्यांच्या बायकोला, इंदूकाकूंना वाटलं, आता तिथं कांदे साठवता येतील. काकूंचं एवढं मोठं चुकलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

त्याच सुमाराला राजूच्या साहेबांकडे पुण्याला पूजा होती. तात्या आणि काकू गेले. साहेबांच्या हॉलमध्ये भिंतीपासून पुढे, पुरुषभर उंचीच्या दोन पातळ चौकटी उभ्या होत्या. डासांसाठीची जाळीची दारं सुताराकडे द्यायला काढून ठेवलीत, असं तात्यांना वाटलं. साहेबांनी कुठलंसं बटण दाबलं आणि तंबोऱ्यावर एक बाई गायला लागली. तात्या प्रसादाचा द्रोण हातात धरून उठले आणि बाई कुठाय ते बघायला स्वयंपाकघरात गेले.

परत येताना गाडीत ते काकूंना म्हणाले, "इंदे, गाण्याआधी त्या बाईनं ओठ ओलं केलं. मी ऐकलं. ती डब्यात बसून गात न्हवती, म्होरं उभी व्हती." मग मंचर येईपर्यंत गप्प. मंचर मागं पडल्यावर एकदम स्फोट झाला. "मंग इतकी वर्सं आमाला डब्यातलं का ऐकवलं? हा अन्याव हाय!"

अशा रीतीनं गिरणीच्या खोलीत स्पीकर बनायला सुरुवात झाली.

हा स्पीकर नेहमीच्यासारखा नसतो. त्यात कागदी भोंगा नाही, लोहचुंबक नाही. दोन जाळीदार पत्रे समोरासमोर उभे करायचे आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत, कुठेही टेकणार नाही अशी, एक पातळ प्लास्टिकची फिल्म ताणून बसवायची. बस. हे सगळं तात्या मोबाईलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ बघून शिकले. त्यांचं बोलणं कळायचं नाही, पण हात कळायचे.

पत्रे मळणीयंत्राच्या चाळणीचे होते. विजेच्या मोटारींत तार भरताना वापरतात त्या व्हार्निशचे हातावर हात देऊन त्यांनी ते पिवळे केले. फिल्मसाठी मात्र वर्ष गेलं. टोमॅटोच्या वाफ्यावर अंथरायचा मल्चिंगचा कागद आणला, साड्यांच्या पिशव्या फाडल्या, सत्काराच्या गुच्छांचं वेष्टन सोडवून घेतलं. प्रत्येक तुकडा तोंडासमोर धरून ते 'फ' म्हणायचे आणि तो किती थरथरतो ते बघायचे. महिनाभर त्यांच्या घरातून नुसता 'फ, फ, फ' आवाज यायचा. माझ्या सासूबाई म्हणाल्या, सोपानला दमा लागला. शेवटी पुण्याहून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा खरा रोल आला. फिल्मनं वीज धरावी म्हणून पेन्सिलीचं शिसं खलून त्याची पूड त्या फिल्मवर कापसानं चोळता चोळता तात्यांचा चेहरा कोळसेवाल्यासारखा झाला. काकूंनी पाहुण्यांना सांगितलं, बॉयलर दुरुस्त करतायत.

मग विजेचा प्रश्न आला. फिल्मला सतत तीनेक हजार व्होल्ट लागतात. डास मारायच्या बॅटमध्ये घरातल्या घरात तसले व्होल्ट तयार होतात, हे कळल्यावर तात्यांनी गावातल्या सगळ्या बंद पडलेल्या बॅटा गोळा केल्या. बंद नव्हत्या त्याही केल्या. त्या पावसाळ्यात गाव रात्रभर अंग खाजवत होतं, आणि व्होल्ट सगळे तात्यांकडे.

मला त्यांनी हे समजावून सांगितलं ते असं: "बाई, फिल्मला तीन हजाराचा माज द्यायचा. माज आसल्याबगार ती कुणाचंच ऐकत न्हाई. मंग दोन बाजूच्या जाळ्यांना गाणं द्यायचं. एक जाळी तिला वढती, दुसरी ढकलती. ती मधल्या मधी हालती, तोच आवाज."

"मग अडलंय कुठं?"

"आम्प्लिफायरचं गाणं हाय पंधरा-वीस व्होल्टाचं. त्याला ती भीक घालती व्हय? त्याचं सात-आठशे करायला लागत्यात."

त्यासाठी ट्रान्सफॉर्मर. घरगुती उपकरणात जो ट्रान्सफॉर्मर असतो, तो दोनशे तीस व्होल्ट घेतो आणि सहा देतो. तात्यांनी तो उलटा जोडला. सहाच्या बाजूनं गाणं आत, दोनशे तीसच्या बाजूनं बाहेर. एकाचे साधारण चाळीस. "एकाला चाळीस," ते बोटं नाचवत म्हणायचे, "आन मधल्या मधी कोण खात न्हाई. असा इमानी गडी मी तालुक्यात बघितला न्हाई." तात्यांनी कुणाची स्तुती केल्याचं मला आठवणारं हे एकच उदाहरण, तेही एका लोखंडाच्या ठोकळ्याचं.

काकूंनी त्या चौकटींपुढे जमिनीवर रांगोळीची जाड रेघ ओढली. ती ओलांडायची नाही, मांजरानंसुद्धा. रेघ रोज पुसायची आणि रोज घालायची. तुळशीपुढची रांगोळी एखाद्या दिवशी राहायची, ही कधी राहिली नाही.

ज्या संध्याकाळी स्पीकर पहिल्यांदा वाजले, तेव्हा मी तिथं होते. तात्यांनी बजावलं, "खोकायचं आसंल तर आत्ताच खोकून घ्या." मग एक जुना अभंग लावला. मला संगीतातलं फार कळत नाही, पण एवढं सांगते, की टाळ वाजल्यावर तो थांबल्यानंतरसुद्धा त्याचा एक बारीक धागा हवेत राहतो, आणि तो धागा विझताना मी त्या रिकाम्या खोलीत ऐकला. काकूंचा हात तोंडावर गेला. ढोलकी मात्र कुठंतरी वेशीबाहेर वाजल्यासारखी वाटत होती. मी तसं म्हणाले. "त्येच पायजे," तात्या गुरगुरले. "ढोलकीनं लई वर्सं राज्य केलं."

तेव्हापासून रोज चहा झाला की काकू खोलीत बसायच्या आणि गाणं लागायचं. मला वाटलं, चला, झालं. आता हा माणूस शांत होईल. पण वर्षभरातच तात्यांची तक्रार सुरू झाली. "वरचा सूर दबलाय. टाळ येत न्हाई नीट." काकूंना विचारायचे, "इंदे, आला का टाळ?" काकू जरा थांबून म्हणायच्या, "आला. पर बारीकच आला."

झालं. तात्यांनी एकाला चाळीसचे दोन ट्रान्सफॉर्मर जोडून एकाला ऐंशी केलं. आवाज वाढला, आणि आठवड्यात आम्प्लिफायर जळाला. दुसरा आणला. तोही जळाला. मग तात्या तो जळका डबा मांडीवर घेऊन माझ्या गाडीत बसले आणि आम्ही नारायणगावला, तो विकणाऱ्या शेठच्या दुकानात गेलो. मला खरं तर फक्त शाळेसाठी खडू घ्यायचे होते.

"शेठ, ही पेटी बी जळाली," तात्यांनी डबा काउंटरवर आपटला.

शेठ बिचारा सभ्य माणूस. "तात्या, हीच पेटी मी हॉलवाल्यांना देतो. अख्खा सीझन वाजते. तुमच्याकडंच येऊन का जळते?"

"मी काय तिला उन्हात वाळत घालतो? गाणं वाजवतो गाणं!"

"कशावर वाजवता?"

"सोताच्या स्पीकरवर. एकाला ऐंशी."

शेठनं माझ्याकडे पाहिलं. मी खडूच्या दुकानाकडे पाहिलं. शेवटी शेठनं समोरच्या गाळ्यातून दिलीपला हाक मारली. दिलीप विहिरींच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देतो आणि दहावीपर्यंत माझाच विद्यार्थी होता. त्यानं मला नमस्कार केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तात्या, चाळीसचं ऐंशी केलं ना तुमी, पेटीवरचा भार दुप्पट न्हाई झाला. चौपट झाला. बारीक सुराला तर ती पार आडवी व्हती."

"दुप्पट मागितलं तर चौपट घ्यायचं?" तात्यांचा आवाज चढला. रस्त्यावरचे जीपवाले बघायला लागले. "कुणी ठरवलं हे?"

"कुणी न्हाई ठरवलं. ते तसंच आसतं."

"तसंच आसतं म्हंजी? कुटंतरी तक्रार करायची सोय आसंल का न्हाई?"

दिलीपनं हसू दाबलं. "आन आजून एक. ट्रान्सफॉर्मरला तारंचं जास्त येढं घातलं ना तात्या, की बारीक आवाज येढ्यांतच मरतो. तुमाला टाळ पायजे आसंल तर चाळीसच बरं व्हतं."

परतीच्या वाटेत तात्या बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मला वाटलं, पटलं असावं. घरी उतरताना म्हणाले, "पोरगं नवीन हाय. कळंल त्याला हळूहळू."

त्यानंतरची गोष्ट. दिवाळीच्या आधी मी मेथीच्या जुड्या द्यायला त्यांच्याकडे गेले. गिरणीच्या खोलीत तात्या खाली मान घालून तारा सोलत होते. त्यांच्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर, इन्व्हर्टर किंचाळत होता. भार जास्त झाला की त्याची शिट्टी वाजते, टी-टी-टी-टी, कानात सुई घातल्यासारखी. मला ती दारात सहन होईना. तात्या शांतपणे तार सोलत होते. मधेच त्यांनी मान वर केली, मला पाहिलं आणि म्हणाले, "या बाई. बघा, कशी शांतता हाय."

मी बोलायला तोंड उघडलं आणि समोर काकू दिसल्या. आतल्या दारात उभ्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, पुढं येऊन इन्व्हर्टर बंद केला आणि मला खुणेनं आत बोलावलं.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"लई दिस झालं," काकू मेथी निवडायला बसल्या. "आधी कुकरची शिट्टी गेली. मंग पाखरं गेली. मानसाचं बोलणं येतं आजून, मोठ्यानं बोललं की."

"आणि तुम्ही त्यांना 'टाळ बारीक आला' म्हणता? काकू, टाळ खणखणीत येत होता!"

"मंग काय सांगू? पेटी चांगली हाय, तुमीच बिघडलाय?" काकूंनी मेथीची काडी कचकन मोडली. "बाई, ह्या मानसाला आजपतोर काय बी झालं तरी भांडायला कुणीतरी घावलंय. कधी वीजवाले, कधी दुकानदार. कानासाठी कुणाशी भांडतील? गिरणी त्यांचीच, मोटार त्यांचीच. कानात बोळं घाला म्हणून मी मागं लागायची, तर म्हणायचे, पट्टा सरकला तर आवाजावरनं कळाय पायजे. ह्यात दुसऱ्या कुणाची चूकच न्हाई. मंग ते आतल्या आत कुढत बसतील. त्यापरीस भांडूद्या शेठशी."

मला काकूंचा राग आला. तात्यांचाही आला. मी शिकवणारी बाई, चुकीचं उत्तर बरोबर म्हणून चालवून घेणं माझ्या हाडात नाही. सांगून टाका, म्हणून मी काकूंच्या मागं लागले. त्या आठवडाभर माझ्याशी तुटकपणे बोलल्या, आणि तिकडे तात्या दिलीपच्या गाळ्यात ठाण मांडून बसले आणि त्याच्याकडून एकाला दीडशेचा ट्रान्सफॉर्मर भरून घेऊन आले. दिलीपनं मला फोन केला. "बाई, मी नाय म्हणत होतो. त्यांनी गाळ्यातच उपास धरला. ह्याच्या तारांना चालू असताना हात लावू देऊ नका, एवढं बघा." तात्या तेवढ्यावर थांबले नाहीत. शेठकडचा सगळ्यात मोठा आम्प्लिफायरही त्यांनी उचलून आणला.

रविवारी सकाळी मला बोलावणं आलं. गाणं लागलं. आवाज मोठा झाला होता, पण गोधडीखालून आल्यासारखा. टाळ तर नावाला उरला होता. तात्या माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय येतंय, बाई?"

मी काकूंकडे न बघता खरं सांगितलं. "तात्या, चाळीसला जे येत होतं ते येत नाहीये."

"तार ढिली आसंल," ते म्हणाले, आणि गाणं चालू ठेवूनच रेघ ओलांडून चौकटीच्या मागं हात घातला.

फट्ट असा आवाज झाला. तात्या मागं फेकले गेले आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्यांवर आदळले. मी नुसती ओरडले. काकूंनी मात्र झाडूच्या दांड्यानं भिंतीतला खटका पाडला आणि त्यांच्याजवळ बसून त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळायला लागल्या. बोटांची टोकं काळी पडली होती. थोड्या वेळानं तात्यांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं आणि पुटपुटले, "हा... सरळ..."

"कुणाचा?" काकू कडाडल्या. त्यांचा इतका मोठा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. "कुणाचा अन्याव? नाव घ्या! शेठ चांगला हाय, दिलीप चांगला हाय, पेटी चांगली हाय. कान गेलेत तुमचे! तुमाला ऐकू येत न्हाई! आन ते बघायला जीव द्यायला निघालाय व्हय?"

बोलून झाल्यावर त्यांनी पदर तोंडात कोंबला.

तात्या उठून बसले. पाठ भिंतीला टेकवली. "म्हाईत हाय," ते म्हणाले.

"काय म्हाईत हाय?"

"कानाचं. मंचरला जाऊन तपासून आलो. बियाणं आणायला गेलो व्हतो ना, तवा."

काकू बघतच राहिल्या. "मंग मला रोज काय विचारत व्हता, टाळ आला का म्हणून?"

तात्यांनी हाताची काळी बोटं एकेक करून दाबून बघितली. ते इतक्या हळू बोलायला लागले, की मलाच पुढं वाकावं लागलं.

"गिरणीत आपून बोललो कधी? तू बाहेर वट्यावर, मी आत. दोन बोटं केली की दोन किलो, चिमूट चोळली की बारीक दळा. उभा जलम हातवाऱ्यात गेला. रातच्याला घरी आलो की कानात तीच मोटार. तू काय काय सांगायचीस, मी नुसता हां हां करायचो." त्यांनी चौकटींकडे बोट दाखवलं. "ही पेटी आल्यापासनं तू शेजारी बसायला लागली. टाळ आला, आता बाई थांबली, आता आलाप घेतला, सगळं सांगायला लागली. म्या इचारलं न्हाई तर तू उठून भाकरी करायला जायचीस."

"आन वाढवत का गेला मंग? ऐंशी, दीडशे?"

"वाटायचं," तात्या म्हणाले, "आजून थोडं रेटलं तर एकदा यील."

काकू त्यांचा हात चोळत राहिल्या, चोळायची गरज संपल्यावरही.

मंचरला नेऊन छातीची पट्टी, कार्डिओग्राम, काढली. ती व्यवस्थित आली. तात्यांनी दवाखान्यात खिशातलं विजेचं मीटर बाहेर काढल्यावर मला कळलं, की काळजीचं काही कारण नाही. पुढच्या आठवड्यात राजू येऊन कानाचं मशीन देऊन गेला. तात्यांना ते पहिल्या दिवशी घातलं तेव्हा त्यांनी पहिली तक्रार केली ती माझ्या सासूबाईंची. "लई मोठ्यानं चघळत्यात." मग पंख्याची, मग स्वतःच्या चपलेची. माणसांशी बोलताना ते मशीन घालतात. गाणं लागलं की काढून ठेवतात, कारण त्यातून टाळ पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येतो, आणि असला टाळ ऐकण्यापेक्षा नसलेला बरा, असं त्यांचं म्हणणं आहे. हे मशीन बनवणाऱ्यांना ते पत्र लिहिणार आहेत.

दीडशेचा ट्रान्सफॉर्मर त्यांनी दिलीपला परत नेऊन दिला आणि वर त्यालाच रागावले, की मी मागितला तर तू दिलास कसा. मग चाळीस, साठ, ऐंशी असे एकेक जोडून बघितले. प्रत्येक वेळी काकूंना समोर बसवलं आणि स्वतः गाण्याकडे पाठ करून काकूंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चाळीसला काकूंचे डोळे आपोआप मिटले. तात्यांनी लगेच पाना घेतला आणि तो ट्रान्सफॉर्मर फळीला कायमचा आवळून टाकला.

परवा संध्याकाळी शाळेतून येताना त्यांच्याकडे डोकावले. दार उघडंच होतं. कानाचं मशीन खिडकीत ठेवलेलं. काकू खुर्चीत, आणि तात्यांनी आपलं स्टूल ओढून इतकं जवळ घेतलेलं, की काकूंचे ओठ त्यांच्या कानाला लागत होते. मी आलेली दोघांनाही कळली नाही.

"आता गाणारी बाई थांबली," काकू सांगत होत्या. "आता नुसता तंबोराच वाजतोय. ...कुणीतरी मागं पाणी प्यालं बघा, भांडं ठेवलं खाली."

"मंग?" तात्या म्हणाले.